थोरल्या मार्सालिसचा सॅक्सोफोन

गेल्या अंकात अमेरिकेतील जॅझवादक कुटुंबांविषयी लिहिताना न्यू ऑर्लिन्सच्या मार्सालिस कुटुंबाचा उल्लेख एका परिच्छेदात आटोपला होता. त्यानंतर आलेले बहुतेक प्रश्न या कुटुंबातील थोरले चिरंजीव, सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्याविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सर्वांचे आडनाव एकच असल्याने उत्तरांत पहिल्या नावानेच उल्लेख केला आहे.

प्रश्न : वडील नामवंत पियानोवादक आणि धाकटा भाऊ विंटन जगप्रसिद्ध ट्रम्पेटवादक. मग ब्रॅनफर्ड यांची कारकीर्द म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यातलाच प्रकार नाही का?

उत्तर : पीठ किती आयते होते, ते आधी पाहू. ब्रॅनफर्ड यांचा जन्म २६ ऑगस्ट १९६० रोजी लुइझियाना राज्यातील ब्रो ब्रिज या गावी झाला आणि सहा भावांत थोरले म्हणून ते न्यू ऑर्लिन्स परिसरात वाढले. वडिलांच्या बाजूने पाहिले तर घरातील संगीताची परंपरा जेमतेम एका पिढीची होती. आजोबा वादक नव्हते. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना थारा नसे, तेव्हा ते अशा प्रवाशांसाठी मोटेल चालवीत आणि मार्टिन ल्यूथर किंग व रे चार्ल्स यांच्यासारखे पाहुणे तेथे उतरून गेले होते.

वडील एलिस (१९३४–२०२०) यांची योग्यता निर्विवाद होती. १९६२ मध्ये नॅट आणि कॅननबॉल या नामवंत जॅझवादक ॲडर्ली बंधूंबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केले होते. परंतु त्यांचा जीव ज्या आधुनिक जॅझमध्ये गुंतलेला होता, त्याला त्यांच्याच शहरात फारसा श्रोता नव्हता. पर्यटकांना जुन्या धाटणीचे जॅझ हवे असे आणि तरुणांना ऱ्हिदम अँड ब्लूज. एवढे मोठे कुटुंब चालवायचे म्हणून एलिस यांनी ट्रम्पेटवादक अल हर्ट यांच्या लोकप्रिय बँडमध्ये काही वर्षे काम केले, क्लबांत वाजवले आणि शेवटी शिकवण्याकडे वळले. १९७४ पासून ते न्यू ऑर्लिन्स सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्स या कलाशाळेत शिकवू लागले. टेरेन्स ब्लँचर्ड, डोनाल्ड हॅरिसन, हॅरी कॉनिक ज्युनियर ही पुढे गाजलेली नावे त्यांच्याच वर्गातली. म्हणजे मुलांनी घरात जे पाहिले ते कीर्तीचे वलय नव्हते. उत्तम वादकालाही संसारासाठी दहा प्रकारची कामे करावी लागतात, आणि ती करताना आपले वादन सैल पडू द्यायचे नसते, हे त्यांनी पाहिले. माझ्या मते ब्रॅनफर्ड यांच्या पुढच्या साऱ्या निर्णयांचे मूळ या पाहण्यात आहे.

आडनावामुळे ओळखी मिळाल्या, हे मात्र खरेच. बॅटन रूज येथील सदर्न विद्यापीठात त्यांना शिकवणारे क्लॅरिनेटवादक ॲल्विन बॅटिस्ट हे वडिलांचे जुने सहकारी होते आणि त्यांच्याच सल्ल्याने ब्रॅनफर्ड बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गेले. तिथून १९८० मध्ये ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या मोठ्या बँडबरोबर ते युरोपला गेले, तेही बॅरिटोन सॅक्सोफोन घेऊन, म्हणजे बँडच्या तळाशी बसणारे वाद्य घेऊन. क्लार्क टेरी आणि लायोनेल हॅम्प्टन यांच्याकडेही त्यांनी उमेदवारी केली. १९८१ मध्ये ते ब्लेकींच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये आल्टो सॅक्सोफोनवादक झाले, पण विंटन तेथे आधीच पोचलेला होता. पुढची तीन-चार वर्षे ब्रॅनफर्ड यांनी आपल्याहून वर्षभराने लहान असलेल्या या भावाच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या संचात, नोकरी केली. पोस्टरवर नाव धाकट्याचे आणि बाजूला उभा थोरला, हे चित्र आयत्या पिठाच्या कल्पनेत बसत नाही.

प्रश्न : ते आधी क्लॅरिनेट वाजवत असत आणि नंतर आल्टो, टेनर व सोप्रानो असे तीन सॅक्सोफोन वाजवू लागले, असे वाचले. एकच वादक इतकी वाद्ये कशी सांभाळतो?

उत्तर : बेल्जियन कारागीर अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतले ते एका वाद्याचे नव्हे, वाद्यांच्या कुटुंबाचे. लहान, उंच आवाजाच्या सोप्रानोपासून आल्टो, टेनर करत मोठ्या, खर्जाच्या बॅरिटोनपर्यंत सगळ्यांच्या कळांची मांडणी आणि बोटांची ठेवण एकच ठेवण्याची खबरदारी त्यांनी घेतली होती. त्यामुळे लिहिलेला स्वर वाचून त्याच कळा दाबल्या तर आल्टोवर एक, टेनरवर दुसरा स्वर निघतो आणि बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. क्लॅरिनेटकडून येणाऱ्याला तर आणखी सोपे जाते. क्लॅरिनेटची नळी सरळसोट असते, त्यामुळे जोर बदलून वरच्या पट्टीत गेले की स्वर सप्तकाच्याही पुढे, बाराव्या स्वरावर जातो आणि दोन्ही पट्ट्यांची बोटे निराळी पडतात. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून अंगठ्याची कळ दाबताच तोच स्वर नेमका एक सप्तक वर मिळतो.

खरी अडचण ओठांची. तोंडात धरायच्या मुखनळीच्या खालच्या बाजूला रीड, म्हणजे एका जातीच्या बोरूची तासलेली पातळ पट्टी, धातूच्या कड्याने आवळलेली असते. वादक वरचे दात मुखनळीवर टेकवतो, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडून रीडला आधार देतो आणि फुंकतो. क्लॅरिनेटसाठी ओठ जितके आवळावे लागतात, तितके टेनरवर आवळले तर आवाज चिरका आणि किडकिडीत निघतो. तिथे जबडा सैल ठेवून पोटातून भरपूर हवा द्यावी लागते. सोप्रानोचे उलटे आहे. नळी लहान असल्याने ओठाचा दाब जरासा हलला तरी स्वर चढतो किंवा उतरतो, आणि म्हणूनच चांगले टेनरवादकही सोप्रानो हातात घेतल्यावर बेसूर होतात. ब्रॅनफर्ड यांचा सोप्रानो ऐकताना या बाबीकडे लक्ष द्यावे. लांब धरलेला स्वर अखेरपर्यंत हलत नाही आणि तरीही ताठ वाटत नाही.

प्रश्न : भावाच्या बँडमध्ये सुरळीत चाललेले असताना ते १९८५ मध्ये पॉपगायक स्टिंग यांच्याकडे का गेले? त्यावरून घरात भांडण झाले, हे खरे का?

उत्तर : मतभेद झाले आणि ते छापूनही आले. त्यामागची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने सांगतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विंटन हे केवळ ट्रम्पेटवादक राहिले नव्हते. विजेची वाद्ये, रॉकचा ठेका आणि सोपी धून यांच्याशी जॅझने केलेल्या तडजोडींविरुद्ध ते उघडपणे बोलत होते; ड्यूक एलिंग्टन आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या परंपरेचा वारसा शास्त्रीय संगीताच्या तोलामोलाने जपला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे पंचक त्या आग्रहाचा पुरावा होते. १९८५ च्या जानेवारीत त्यांनी ‘ब्लॅक कोड्स’ हे ध्वनिमुद्रण केले, त्यात ब्रॅनफर्ड यांचे टेनर व सोप्रानो आणि केनी कर्कलंड यांचा पियानो ऐकला की हा संच त्या काळी किती पुढे गेलेला होता, ते कळते. आणि नेमक्या त्याच सुमारास स्टिंग ‘पोलिस’ या रॉक बँडपासून बाजूला होऊन स्वतःच्या पहिल्या संग्रहासाठी जॅझवादक गोळा करत होते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचातून बासवादक डॅरिल जोन्स आले, ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ बँडमधून ड्रमवादक ओमर हकीम आले आणि विंटन यांच्या पंचकातून ब्रॅनफर्ड व कर्कलंड हे दोघे आले. विंटन यांच्या बाजूने पाहिले तर बँडचे दोन खांबच निघाले, आणि तेही ज्या संगीतावर ते जाहीर टीका करत होते, त्या दिशेने. त्यांनी नापसंती लपवली नाही.

ब्रॅनफर्ड यांची बाजू समजून घ्यायची तर त्यांचा पिंड लक्षात घ्यावा लागतो. किशोरवयात दोघे भाऊ स्थानिक ऱ्हिदम अँड ब्लूज बँडमध्ये वाजवत होते, आणि त्या संगीताची गोडी थोरल्याची कधी सुटली नाही. नाचाच्या ठेक्यावर वाजवणे हा त्यांच्या दृष्टीने उतार नव्हता. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात ‘लाइव्ह एड’ ही मदतनिधीसाठीची मैफल झाली, तेव्हा स्टिंग गिटार घेऊन आणि ब्रॅनफर्ड सॅक्सोफोन घेऊन एवढेच दोघे काही गाण्यांसाठी मंचावर उभे राहिले. पाठीशी ड्रम नाही, बास नाही, समोर सत्तर हजारांवर लोक. अशा वेळी गाण्याच्या ओळींमधली मोकळी जागा भरायची आणि तरी गायकाच्या पायात यायचे नाही, ही कसरत वर्षानुवर्षे साथ केलेल्यालाच जमते. पुढे १९८७ च्या ‘इंग्लिशमन इन न्यूयॉर्क’ या गाण्यातला सोप्रानो त्यांचाच आहे. ते गाणे आपल्याकडे पुष्कळांनी ऐकलेले असेल. मधल्या तुकड्यात ताल काही क्षण अचानक स्विंगच्या, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्याच्या, चालीत जातो आणि सॅक्सोफोन मोकळा सुटतो, तिथे पॉपच्या खिडकीतून जॅझ डोकावून जाते.

माझे मत विचाराल तर विंटन यांचा आक्षेप तत्त्वाला धरून होता आणि ब्रॅनफर्ड यांचा निर्णय बरोबर होता. स्टिंग यांच्याकडून परतल्यावर १९८६ मध्ये त्यांनी स्वतःचे चतुष्क, म्हणजे चार वादकांचा संच, उभे केले आणि त्यात विजेचे एकही वाद्य नव्हते. भावांचे संबंध पुढे पूर्ववत झाले; २००१ मध्ये एलिस न्यू ऑर्लिन्स विद्यापीठातून निवृत्त झाले, तेव्हाच्या मैफलीत वडील आणि चारही वादक मुलगे एकत्र वाजले व त्याची ध्वनिमुद्रिका २००३ मध्ये निघाली.

प्रश्न : आपल्याकडील घराण्यांप्रमाणे मार्सालिस हे जॅझमधील घराणे म्हणता येईल का?

उत्तर : म्हणू नये. घराण्यात आवाजाचा लगाव, बंदिशी, रागाची मांडणी यांचे वळण गुरूकडून शिष्याकडे जाते आणि ऐकणाऱ्याला ते चटकन ओळखू येते. एलिस यांनी मुलांना असे वळण दिलेले दिसत नाही. चौघांपैकी एकानेही वडिलांचे वाद्य मुख्य म्हणून घेतले नाही. ब्रॅनफर्ड सॅक्सोफोन, विंटन ट्रम्पेट, डेल्फियो ट्रॉम्बोन आणि सर्वांत धाकटे जेसन ड्रम्स व व्हायब्राफोन वाजवतात. डेल्फियो यांनी तर ध्वनिमुद्रणाचे निर्माते म्हणून थोरल्या भावांसाठीही काम केले आहे. चौघांच्या वादनात समान काही शोधायचे तर ती शैली नाही, तयारीची रीत आहे. ध्वनिमुद्रिका कानाने उतरवून घ्यायची, चालीखालची स्वरसंगती डोक्यात पक्की करायची आणि मगच उत्स्फूर्त वादनाची भाषा करायची. ही रीत एलिस आपल्या वर्गातल्या परक्या मुलांनाही तशीच शिकवीत होते. अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या संस्थेने २०११ मध्ये वडील आणि चार मुलांना मिळून ‘जॅझ मास्टर्स’ हा सन्मान दिला. तोपर्यंत तो व्यक्तींनाच दिला जात असे.

प्रश्न : एवढा मोठा वादक टीव्हीवरील गप्पांच्या कार्यक्रमात बँड सांभाळत होता, याचे आश्चर्य वाटते. ते का सोडले?

उत्तर : १९९२ मध्ये ‘टुनाइट शो’चे यजमानपद जे लेनो यांच्याकडे आले आणि त्यांनी बँडप्रमुख म्हणून ब्रॅनफर्ड यांना घेतले. पगार भरघोस, बँडमधील सोबती स्वतः निवडलेले आणि रोज लाखो घरांत चेहरा दिसणार. नकार देण्यासारखे त्यात काही नव्हते. पण वाजवायला मिळे ते जाहिरातीआधीचे काही सेकंद आणि पाहुणा चालत येईपर्यंतचा तुकडा. शिवाय बँडप्रमुखाने यजमानाच्या विनोदांना हसून दाद द्यावी, ही त्या कामाची न लिहिलेली अट होती आणि ती आपल्याला जमली नाही, असे त्यांनी नंतर स्पष्टपणे बोलून दाखवले. १९९५ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांच्या बँडमधील गिटारवादक केव्हिन युबँक्स त्या जागी आले. याच काळात ‘बकशॉट लफाँक’ या नावाने हिपहॉप आणि जॅझ यांची सांगड घालणारा एक संच त्यांनी काढला. ॲडर्ली बंधूंपैकी कॅननबॉल यांनी १९५० च्या दशकात करारामुळे स्वतःचे नाव लावता येत नव्हते तेव्हा जे टोपणनाव घेतले होते, त्यावरून हे नाव घेतलेले आहे. संच फार टिकला नाही, आणि त्याचे मला विशेष वाईट वाटत नाही.

प्रश्न : इतक्या ठिकाणी वाजवणाऱ्या कलाकाराचे ‘स्वतःचे’ काम कोणते मानावे?

उत्तर : चतुष्क. निःसंशय चतुष्क.

ब्रॅनफर्ड यांच्या पाहुण्या म्हणून केलेल्या वादनाची यादी लांबलचक आहे. माइल्स डेव्हिस यांच्या १९८४ च्या ‘डिकॉय’मध्ये ते आहेत. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडबरोबर २९ मार्च १९९० रोजी न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ कोलिझियममध्ये ते सरावाशिवाय उभे राहिले. एका गाण्यापुरते आलेले पाहुणे मैफलीचा सगळा उत्तरार्ध वाजवून गेले. परंतु जॅझमध्ये पाहुणा म्हणून चमकणे आणि चार जणांचा एक आवाज घडवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जॅझच्या व्यवसायात संच टिकवणे हे मोठे खर्चिक आणि कटकटीचे काम असते. बहुतेक नामवंत वादक प्रत्येक दौऱ्याला मोकळे असतील ते सोबती घेतात. ब्रॅनफर्ड यांनी हे टाळले. केनी कर्कलंड पियानोवर, जेफ ‘टेन’ वॉट्स ड्रम्सवर, रॉबर्ट हर्स्ट बासवर, असा त्यांचा पहिला संच. १९९० च्या दशकात बासवर एरिक रेव्हिस आले. नोव्हेंबर १९९८ मध्ये कर्कलंड वयाच्या ४३ व्या वर्षी वारले. त्यांच्याबरोबरचे शेवटचे ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये ‘रेक्विएम’ या नावाने निघाले. त्यांच्या जागी पियानोवर जोई कॅल्डराझो आले, सॅक्सोफोनवादक मायकल ब्रेकर यांच्याकडे नाव कमावलेले, आणि या नव्या संचाच्या ‘कंटेम्पररी जॅझ’ या संग्रहाला २००१ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये वॉट्स बाहेर पडले, तेव्हा ब्रॅनफर्ड यांनी अनुभवी ड्रमवादक न शोधता फिलाडेल्फियाच्या १८ वर्षांच्या जस्टिन फॉकनर यांना घेतले. हेच चौघे आजही एकत्र आहेत.

याचा ऐकताना काय फरक पडतो? ओळखीचा नसलेला ड्रमवादक मागे असेल तर सॅक्सोफोनवादक सुरक्षित राहतो, म्हणजे पट्टीच्या आत, मात्रांच्या आत वाजवतो. इथे मात्र ब्रॅनफर्ड तालाच्या पुढे धाव घेतात, रेव्हिस मुद्दाम मागे रेंगाळतात, फॉकनर मधेच दुप्पट लय दाखवून सोडून देतात, आणि चौघांपैकी कोणालाही सम कुठे आहे याविषयी शंका नसते. वडिलांच्या पिढीचे ऋण त्यांनी फेडले तेही या संचातूनच. २००२ मध्ये स्वतःची ‘मार्सालिस म्युझिक’ ही कंपनी काढल्यावर पहिल्याच संग्रहात थोर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स यांचा ‘फ्रीडम स्वीट’ आणि जॉन कोल्ट्रेन यांचे ‘अ लव्ह सुप्रीम’ ही दोन्ही दीर्घ कामे त्यांनी संपूर्ण वाजवली. अशा कामांना हात घालणे हे अनेकांना औद्धत्य वाटले. मला ते अभ्यासाचे धाडस वाटते.

प्रश्न : जॅझवादकाला पाश्चात्त्य शास्त्रीय रचना वाजवता येतात का? दोन्हीकडे सॅक्सोफोन सारखाच वाजतो का?

उत्तर : वाद्य तेच असते, आवाज नसतो. जॅझवादक स्वराला बगल देऊन येतो, मधेच फुंकरीचा खरखरीतपणा सोडतो, स्वराचा कंप हवा तेव्हाच घालतो. वाद्यवृंदाबरोबर वाजवताना आवाज एकसंध, स्वच्छ आणि लिहिलेल्या स्वरानेच सुरू झालेला हवा असतो. त्यासाठी मुखनळी आणि रीडही बदलावी लागते. ब्रॅनफर्ड यांनी १९८६ मध्ये इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर पहिला शास्त्रीय संग्रह केला आणि २००१ मध्ये ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर फ्रेंच संगीतकारांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. रशियन संगीतकार ग्लाझुनोव यांचा १९३४ चा आल्टो सॅक्सोफोन व तंतुवाद्यांसाठीचा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, त्यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह वाजवला. विंटन यांनी विशीतच दोन्ही क्षेत्रांत ग्रॅमी मिळवले होते. थोरल्याने हा अभ्यास बराच सावकाश, पन्नाशीपर्यंत चालू ठेवला आणि त्याचा लाभ जॅझमधल्या त्यांच्या स्वराला झाला. अलीकडच्या संग्रहांतले संथ लयीचे तुकडे ऐकले की ते जाणवते.

प्रश्न : कॅटरिना वादळानंतर त्यांनी वादकांसाठी वस्ती बांधली, असे ऐकले. नेमके काय केले?

उत्तर : २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ धडकले, पुराचे बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. शहरातील वादक इतर राज्यांत विखुरले आणि परत यायला त्यांना घर उरले नव्हते. ब्रॅनफर्ड आणि वडिलांचे विद्यार्थी हॅरी कॉनिक ज्युनियर यांनी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेबरोबर अप्पर नाइन्थ वॉर्ड या भागात ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ उभारण्याचा बेत आखला. ७२ स्वतंत्र घरे आणि वृद्ध वादकांसाठी काही जोडघरे तिथे बांधली गेली. ही घरे फुकट नव्हती. संस्थेच्या नियमाप्रमाणे घेणाऱ्याने बांधकामात श्रमदान करायचे आणि बिनव्याजी कर्ज फेडायचे. रात्रीच्या मैफलीचे मानधन रोखीत घेऊन जगणाऱ्या वादकांना कर्जासाठी लागणारा हिशेब दाखवताना नाकी नऊ आले, ही त्या योजनेतली खरी अडचण होती. वस्तीच्या मध्यभागी २०११ मध्ये एलिस मार्सालिस सेंटर फॉर म्युझिक सुरू झाले, जिथे परिसरातील मुले वाद्ये शिकतात. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या गुंतागुंतीतून एलिस यांचे निधन झाले. ब्रॅनफर्ड अनेक वर्षे नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे राहत होते. आता त्या केंद्राची कलात्मक धुरा त्यांच्याकडे आहे.

प्रश्न : वादक बापाचा मुलगा सॅक्सोफोनवादक झाल्याची आणखी उदाहरणे आहेत का?

उत्तर : दोन सांगतो, कारण ती मार्सालिस कुटुंबाहून अगदी निराळी आहेत. रवी कोल्ट्रेन यांचा जन्म १९६५ चा. पंडित रविशंकर यांच्यावरून त्यांचे नाव ठेवले गेले. वडील जॉन जुलै १९६७ मध्ये वारले तेव्हा हे मूल दोन वर्षांचेही नव्हते, म्हणजे वडिलांकडून प्रत्यक्ष शिकण्याचा प्रश्नच आला नाही. जोशुआ रेडमन हे सॅक्सोफोनवादक ड्यूई रेडमन यांचे पुत्र, पण ते कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात आईकडे वाढले. १९९१ मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यावर येल विद्यापीठात कायदा शिकण्याचा बेत होता. त्याच वर्षी जॅझवादकांची थेलोनियस मंक स्पर्धा जिंकल्यावर तो बारगळला. या दोघांना आडनाव मिळाले आणि घरातला वर्ग मिळाला नाही. ब्रॅनफर्ड यांच्या वाट्याला दोन्ही आले.

प्रश्न : जॅझ फारसे ऐकलेले नाही. ब्रॅनफर्ड यांच्यापासून सुरुवात करायची तर काय ऐकावे?

उत्तर : ‘ट्रायो जीपी’ (१९८९) पासून करावी. त्यात पियानो नाही, त्यामुळे सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स हे तीनच धागे सुटे ऐकू येतात, आणि बहुतेक रचनांत बासवर आहेत १९१० मध्ये जन्मलेले मिल्ट हिंटन. पन्नास वर्षांनी मोठ्या माणसाबरोबर वाजवताना तरुण वादक किती अदबीने आणि तरीही मजेत वागतो, ते त्यात कळते. नंतर वडील आणि मुलगा या दोघांचाच १९९६ चा ‘लव्ह्ड वन्स’ ऐकावा. पियानो पुढे जात नाही, सॅक्सोफोन घाई करत नाही.

चतुष्काकडे वळताना एकच रचना दोनदा ऐकण्याची शिफारस करतो. पियानोवादक कीथ जॅरेट यांची ‘द विंडअप’ ही चाल या चौघांनी २०१९ च्या संग्रहात वाजवली आणि २०२५ मध्ये जॅरेट यांचा १९७४ चा ‘बिलाँगिंग’ हा सगळा संग्रहच नव्याने सादर केला, त्यात ती पुन्हा आली. जॅरेट यांचे मूळ वादनही सहज मिळते. तिन्ही लागोपाठ लावावीत आणि पहिल्या फेरीत सॅक्सोफोन सोडून केवळ बासच्या मागे जावे. मोबाइलच्या स्पीकरवर रेव्हिस यांचे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत, तेव्हा बरे हेडफोन लावून बसावे.